मोठ्याशी दोस्ती : खर्च कोणाचा, शब्द कोणाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटोची, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले देश यांच्या लष्करी युतीची, शिखर बैठक झाली की इंदुरात, राजवाड्यापासून रेसिडेन्सीपर्यंत जिथे चार मराठी माणसं चहाला बसतात तिथे, तोच वाद निघतो: अमेरिका युरोपला पोसते, की युरोपच्या जीवावर अमेरिका दादागिरी करते? या शहराला या विषयात बोलायचा थोडा जास्तच हक्क आहे. इंदूर होळकरांची राजधानी झालं तेच मुळी एका असमान तहानंतर. म्हणून खालच्या उत्तरांत नाटो, जपान, कोरिया यांच्यासोबत होळकर आणि इंग्रज यांच्यातला 1818 चा मंदसौरचा तह आणि महूची इंग्रजी छावणीही येईल.

नाटोचे देश अमेरिकेला पैसे भरतात ना? मग ती थकबाकी कसली?

भरत नाहीत, आणि थकबाकीही नाही. गणपतीची वर्गणी मंडळाच्या पेटीत जाते; 2 टक्क्यांचा आकडा तसा नव्हे. प्रत्येक देशाने स्वतःच्या तिजोरीतून स्वतःच्याच सैन्यावर जीडीपीच्या किती टक्के खर्च करावा, याची ती अपेक्षा होती. जर्मनीने कमी खर्च केला म्हणून वॉशिंग्टनचं देणं थकत नाही; जर्मनीचे रणगाडे गॅरेजमध्ये पडून राहतात, एवढंच. ‘तुम्ही आमचं देणं लागता’ ही भाषा निवडणुकीच्या सभेत खपते, हिशेबाच्या वहीत नाही.

सामायिक पेटी आहे, पण अगदी लहान. मुख्यालय, सामायिक कमांड आणि काही सुविधा यांसाठी 2025 चा नाटोचा सामायिक निधी साधारण 4.6 अब्ज युरोचा होता. सगळ्या सदस्यांच्या एकत्रित संरक्षण खर्चापुढे ही रक्कम अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. या पेटीत अमेरिकेचा वाटा पूर्वी सुमारे 22 टक्के होता. तो जर्मनीच्या बरोबरीने, म्हणजे 16 टक्क्यांच्या आसपास आणायचं 2019 मध्ये ठरलं.

2 टक्के आले कुठून आणि त्यांचे 5 कसे झाले?

संरक्षणमंत्र्यांमध्ये 2006 पासून 2 टक्क्यांची बोलणी होती. आकडा लेखी ठरला तो सप्टेंबर 2014 मध्ये, वेल्सच्या बैठकीत. त्याच वर्षी मार्चमध्ये रशियाने क्रिमिया घेतला होता. मात्र मसुद्याची भाषा बघा: दहा वर्षांत 2 टक्क्यांकडे जाण्याचा प्रयत्न करू. सरकारी भाषेत ‘प्रयत्न करू’ म्हणजे काय, हे कुठल्याही महानगरपालिकेत खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस हे तीनच देश त्या रेषेच्या वर होते. ग्रीसचा खर्चही बराचसा शेजारच्या तुर्कस्तानच्या धाकाने, आणि तुर्कस्तान तर नाटोचाच सदस्य!

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि चित्र पालटलं. 2024 मध्ये नाटोच्या स्वतःच्या अंदाजानुसार 23 देश रेषेवर पोहोचत होते. जून 2025 मध्ये हेग इथे नवा आकडा ठरला: 2035 पर्यंत 5 टक्के. त्यातले 3.5 टक्के प्रत्यक्ष सैन्यावर, 1.5 टक्के रस्ते, पूल, बंदरं, सायबर सुरक्षा अशा पूरक कामांवर. स्पेनने तिथल्या तिथे सांगितलं की आम्हाला 2.1 टक्के पुरतात. त्यावर आदळआपट झाली, पण स्पेनला कोणी बाहेर काढलं नाही.

रस्ते-पूल संरक्षणात धरणं ही हातचलाखी नाही का?

थोडी आहेच. आधीच ठरलेल्या पुलाला ‘लष्करी’ रंग फासून टक्केवारी फुगवता येते. तरी त्यात तथ्यही आहे. सत्तर टनांचा रणगाडा पुलावरून गेला नाही तर तो घेऊन उपयोग काय?

इंदूरकरांनी हा प्रकार फार पूर्वी पाहिलेला आहे. खंडव्याहून इंदूरकडे येणाऱ्या रेल्वेसाठी महाराज तुकोजीराव (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं. 1870 च्या दशकात लाइन झाली आणि तिला होळकर स्टेट रेल्वे असं नाव मिळालं. इंदूरच्या व्यापाऱ्याला तिचा फायदा झाला, यात वाद नाही. पण याच लाइनमुळे महूची छावणी मुख्य मार्गाला जोडली गेली. सैन्याच्या वाटेचं भांडवल दोस्ताने पुरवायचं आणि लाइन चालवायची मोठ्याने, हा व्यवहार जुनाच आहे.

जो जास्त खर्च करतो त्याचं जास्त चालतं, इतकं साधं आहे का?

नाही, आणि या पानावरचं माझं मुख्य म्हणणं हेच आहे. किती दिलं यापेक्षा कशाच्या रूपाने दिलं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या फौजेला हुकूम कोण देतो, यावर वजन ठरतं. स्वतःचं सैन्य उभं करणारा लहान दोस्त निदान बोलणीच्या टेबलावर बसतो. दुसऱ्याच्या सैन्याचा पगार भरणाऱ्याला हळूहळू त्या टेबलाजवळही कोणी बोलावत नाही.

याचा सगळ्यात जुना नमुना ग्रीसमधला. इसवी सनापूर्वी 478 मध्ये इराणी साम्राज्याविरुद्ध अथेन्सच्या पुढाकाराने एक संघ झाला. सदस्य शहरांनी जहाजं द्यायची किंवा रोकड. बहुतेकांना रोकड सोयीची वाटली: आपली माणसं वल्ही मारायला पाठवायला नको. त्या रोकडीतून अथेन्सचं आरमार वाढत गेलं आणि दोस्तांचं आटलं. संघातून बाहेर पडू बघणाऱ्या नॅक्सॉस बेटाला त्याच आरमाराने वेढा घातला. इसवी सनापूर्वी 454 मध्ये संघाचा खजिना डेलॉस बेटावरून अथेन्सला हलला, तेव्हा अडवू शकेल असं फारसं कोणी उरलंच नव्हतं.

मंदसौरच्या तहात नेमकं काय होतं?

21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. आदल्याच दिवशी, यशवंतराव होळकरांच्या मागे कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा त्यांच्याच छावणीत खून झाला होता आणि गादीवर मल्हारराव (दुसरे), वय जेमतेम अकरा-बारा. अशा अवस्थेत होळकरांच्या वतीने तात्या जोग बोलणी करायला बसले, समोर ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन माल्कम. 6 जानेवारी 1818 ला तह झाला.

त्याची कलमं संरक्षण खर्चाच्या नजरेने वाचावीत. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे खानदेशही, गेला. राजपूत राजांकडून वसुली करण्याचे हक्क गेले. या मोबदल्यात होळकरांच्या राज्यात शांतता राखायला आणि बाहेरच्या शत्रूपासून बचाव करायला कंपनी एक फौज ठेवणार. ती कुठे ठेवायची हे कंपनी ठरवणार. सामानसुमानाच्या कोठारासाठी जागा मात्र होळकरांनी द्यायची. होळकरांनी जादा फौज काढून टाकावी, उत्पन्नाला झेपेल त्याहून जास्त ठेवू नये. पण कंपनीला मदत लागली तर किमान 3,000 घोडेस्वार सज्ज असावेत. इतर राज्यांशी परस्पर बोलणी बंद. कोणी युरोपीय माणूस परवानगीशिवाय नोकरीत घ्यायचा नाही.

शेवटचं कलम किरकोळ वाटतं, पण यशवंतरावांच्या काळात होळकरांच्या कवायती पलटणी फ्रेंच सरदारांनी उभ्या केल्या होत्या. शस्त्रविद्या कुठून आणायची, हे आता दुसरा ठरवणार होता. 2019 मध्ये तुर्कस्तानने रशियाची एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि अमेरिकेने त्याला एफ-35 विमानांच्या कार्यक्रमातून काढलं, ती बातमी वाचताना मला हे कलम आठवलं. फरक एवढाच की तुर्कस्तानला एस-400 घेता आली.

तहाच्याच वर्षी, 1818 मध्ये, महूला छावणी पडली, इंदूर राजधानी झालं आणि रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, तोही इथे आला. नदीच्या एका अंगाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला रेसिडेन्सी, आणि तिच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती आपण आजही छावनी म्हणतो. दोन सत्ता एका गावात, मध्ये कान्ह नदी. अठरा-वीस कोसांवर नव्हे, घोड्यावरून सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचाल एवढ्या अंतरावर महूची पलटण. दरबारातल्या चर्चेवर याचा काय परिणाम होत असेल, त्यासाठी कागदपत्रं चाळायची गरज नाही.

ग्वाल्हेर, हैदराबादचं काय?

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा डिसेंबर 1843 मध्ये महाराजपूरला पराभव झाला आणि जानेवारी 1844 च्या तहाने त्यांच्या स्वतःच्या फौजेवर 9,000 ची मर्यादा आली. उलट ग्वाल्हेर कंटिंजंट ही वेगळी फौज वाढवली: अधिकारी इंग्रज, खर्च शिंद्यांच्या मुलखातून. गंमत म्हणा किंवा सूड म्हणा, जून 1857 मध्ये ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीत हीच कंटिंजंट उठली आणि पुढे तात्या टोप्यांबरोबर कानपूरवर चालून गेली. म्हणजे शिंद्यांनी पैसा पुरवलेली फौज शिंद्यांचंही ऐकेना आणि इंग्रजांचंही.

हैदराबादची कथा आपल्या वऱ्हाडच्या नातेवाइकांना पाठ असते. निजामाच्या नावाने, पण इंग्रजांच्या हुकमतीखाली असलेल्या कंटिंजंटचा खर्च थकला आणि त्या वसुलीसाठी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला 25 लाख रुपयांच्या कायम पट्ट्यावर घेतलं. थकबाकी हा शब्द शोभतो तो इथे.

मग नाटो म्हणजे आजची तैनाती फौजच म्हणा ना?

इंदूरच्या व्याख्यानांनंतर हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं. माझं उत्तर ‘नाही’ आहे. तैनाती फौजेतून बाहेर पडायची वाट नव्हती. नाटोत ती आहे आणि वापरलीही गेली. 1966 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी आपला देश सामायिक लष्करी कमांडमधून काढून घेतला, परक्या फौजांना देश सोडायला सांगितलं. नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला न्यावं लागलं. फ्रान्स 2009 मध्ये कमांडमध्ये परतला, तोही स्वतःच्या अण्वस्त्रांचं नियोजन वेगळं ठेवून. फिलिपाइन्सच्या सिनेटने सप्टेंबर 1991 मध्ये तळांचा नवा करार 12 विरुद्ध 11 मतांनी फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन आरमार सुबिक बे सोडून गेलं. अकरा वर्षांच्या मल्हाररावांच्या दरबारात अशी मतमोजणी कोणी घेतली नसती.

पण समानताही नाही. नाटोच्या युरोपातल्या सर्वोच्च लष्करी सेनापतिपदावर 1951 मधल्या आयझेनहॉवरपासून आजपर्यंत फक्त अमेरिकन अधिकारी आले. सरचिटणीस रिवाजाने युरोपचा. खुर्च्यांची ही वाटणी कराराच्या कुठल्याही कलमात नाही.

लहान देश फुकट खातात, हे तरी खरं ना?

1966 मध्ये मॅन्कर ओल्सन आणि रिचर्ड झेकहॉसर या अभ्यासकांनी हेच गणिताने मांडलं. संरक्षण एकदा उभं राहिलं की सगळ्यांना मिळतं, मग लहानाला हात आखडता घ्यायचा मोह होतो आणि मोठ्यावर प्रमाणाबाहेर बोजा पडतो. नाटोच्या एकूण खर्चात अमेरिकेचा वाटा बरीच वर्षं दोन तृतीयांशाच्या आसपास राहिला आहे, हे त्याला धरूनच.

मात्र त्या दोन तृतीयांशांत पॅसिफिकमधलं आरमारही आहे आणि आखातातले तळही. ते सगळं बेल्जियमच्या रक्षणासाठी आहे असं धरणं जरा भोळेपणाचं. मोठा देश मोठा राहण्यासाठी जो खर्च करतो, त्याचं बिल तो कधी कधी दोस्तांच्या नावावर दाखवतो.

पैसा आणि सैन्य दोन्ही कमी असलेल्या देशाचं वजन कशाने वाढतं?

जागेने, आणि नकार देण्याच्या ताकदीने. आइसलँड 1949 पासून नाटोचा संस्थापक सदस्य आहे आणि त्याला स्वतःचं सैन्यच नाही. उत्तर अटलांटिकमध्ये सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवायला त्याच्याइतकी सोयीची जागा नव्हती, म्हणून त्याचं निभावलं.

नाटोत निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात. म्हणून तुर्कस्तान आणि हंगेरी या दोघांनी स्वीडनचा प्रवेश मार्च 2024 पर्यंत लांबवला. 1 मार्च 2003 रोजी तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी फौजेला इराककडे वाट देण्याचा ठराव पुरेशा मतांअभावी पडला, आणि अमेरिकेला उत्तरेकडची चढाई सोडून द्यावी लागली. दुसऱ्याकडे पर्याय नसेल तेव्हा लहानाचा ‘नाही’ फार महाग पडतो.

पर्याय असेल तर तोच ‘नाही’ स्वस्तात जातो. न्यूझीलंडने 1985 मध्ये अणुअस्त्रांबाबत खुलासा न करणाऱ्या अमेरिकी युद्धनौकेला बंदरात येऊ दिलं नाही. 1986 मध्ये अमेरिकेने त्याच्याबाबतची आपली संरक्षणाची जबाबदारी स्थगित केली. न्यूझीलंड आपल्या भूमिकेवर ठाम राहिलं, पण अमेरिकेचं काही अडलं नाही.

जपान आणि दक्षिण कोरिया तर अमेरिकी तळांचा खर्चही देतात. त्यांना काय मिळतं?

कोरियाचा हिशेब मला सगळ्यात बोलका वाटतो. सोल शहराच्या ऐन मध्यावर, योंगसानला, अमेरिकी फौजेचं ठाणं होतं. ते दक्षिणेला प्योंगटेकजवळ हलवायचं ठरलं आणि तिथे कॅम्प हम्फ्रीज वाढवला: अपार्टमेंट, शाळा, इस्पितळ, धावपट्टी, एक अख्खं गाव. खर्च 10 अब्ज डॉलरहून जास्त, त्यातला 90 टक्क्यांच्या आसपास कोरियाने उचलला. 2018 मध्ये मुख्यालय तिथे गेलं. पुढच्याच वर्षी ट्रम्प प्रशासनाने वार्षिक खर्चाचा वाटा जवळपास पाचपट करा, अशी मागणी पुढे केली. 2021 मध्ये शेवटी 13.9 टक्के वाढीवर मिटलं. म्हणजे पाचपट झाली नाही. पण आधी केलेल्या खर्चाचं खातंही कोणी जमेला धरलं नाही. आणि युद्ध झालंच तर संयुक्त फौजांची कमान अजूनही अमेरिकी जनरलच्या हाती जाते. शांतताकाळातली कमान कोरियाला 1994 मध्ये परत मिळाली.

जपानने उलटी वाट धरली. 1976 मध्ये संरक्षण खर्चाला साधारण 1 टक्क्याची मर्यादा घालून घेतली, अमेरिकेच्या छत्राखाली उद्योग वाढवले आणि 1978 पासून तळांच्या खर्चात हातभार लावायला सुरुवात केली. या सोयीची किंमत मात्र सगळ्या जपानने सारखी दिली नाही. देशाच्या 0.6 टक्के जमिनीवरच्या ओकिनावात अमेरिकी वापरातल्या तळांची सुमारे 70 टक्के जागा आहे. फेब्रुवारी 2019 च्या सार्वमतात हेनोकोच्या नव्या तळासाठी समुद्रात भराव टाकायला तिथे मतदान केलेल्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त लोकांनी विरोध केला. टोकियोने काम चालू ठेवलं. डिसेंबर 2022 मध्ये जपानने पाच वर्षांसाठी 43 लाख कोटी येनचा आराखडा करून 2 टक्क्यांकडे वाटचाल सुरू केली. यात अमेरिकेचा आग्रह होताच, पण चीन आणि उत्तर कोरिया यांनी तो पटवायचं काम सोपं केलं.

पैशापेक्षा रक्त सांडलं तर मोठा देश उपकार लक्षात ठेवतो का?

ठेवतोच असं नाही. अफगाणिस्तानात डेन्मार्कचे 40 हून अधिक सैनिक मारले गेले. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा दोस्त राष्ट्रांत फार वरचा. 1951 पासून डेन्मार्कच्या ताब्यातल्या ग्रीनलंडमध्ये अमेरिकेला तळाची मोकळीक आहे. तरीही 2019 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ग्रीनलंड आम्हाला हवं म्हणून जाहीर सांगितलं. माझ्या परिचयातले एक महूचे निवृत्त सुभेदार हे ऐकून एवढंच म्हणाले, ‘‘साहेब, शहीद झालेल्यांची यादी शेजारच्या टेबलावर कोणी वाचत नाही.’’

कलम 5 असल्यावर अमेरिका येणारच ना?

नाटो कराराचं कलम 5 म्हणतं, एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला. पण प्रत्येकाने काय करायचं ते त्याला आवश्यक वाटेल तसं. सैन्य पाठवणंच बंधनकारक नाही. आजवर ते एकदाच लागू झालं, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर. म्हणजे लहान दोस्त मोठ्याच्या मदतीला धावले, उलट नव्हे.

बंदुकीऐवजी पैशानेच दोस्ताला वाकवता येतं का?

येतं, आणि ते जास्त चटकन होतं. 1956 मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल सुवेझवर उतरले. ब्रिटनच्या हाती त्या वेळी जगातल्या मोठ्या सैन्यांपैकी एक होतं. पण पाउंड घसरू लागला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मदतीला अमेरिकेने माघारीची अट घातली. ब्रिटनला थांबावं लागलं. ज्या साम्राज्याने होळकरांना फौज किती ठेवायची ते सांगितलं होतं, त्यालाच आता दुसरा कोणीतरी फौज कधी मागे घ्यायची ते सांगत होता.

सोव्हिएत गटात वेगळं काही होतं का?

फारसं नाही, आणि जे होतं ते वाईट. वॉर्सा करार 1955 चा. 1968 मध्ये त्याच कराराच्या फौजा सदस्य असलेल्या चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. रुमानिया त्यात सामील झाला नाही आणि 1978 मध्ये त्याने खर्च वाढवायलाही नकार दिला. 1991 मध्ये करार गुंडाळला गेला.

भारत या सगळ्यात कुठे बसतो?

कुठल्याही लष्करी युतीत नाही. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा क्वाड गट ही युती नव्हे. 9 ऑगस्ट 1971 चा सोव्हिएत संघाशी झालेला करार युतीच्या सगळ्यात जवळ जाणारा, पण त्यातही एकमेकांसाठी लढण्याचं बंधन नव्हतं, सल्लामसलतीचं होतं. 2025-26 चा आपला संरक्षण अर्थसंकल्प सुमारे 6.81 लाख कोटी रुपयांचा, म्हणजे जीडीपीच्या 2 टक्क्यांच्या जरा खाली, आणि ती फौज कोणाच्या तहातल्या कलमाने ठरत नाही.

तरी युतीत नसलो म्हणजे दबावातून सुटलो असं नाही. तो सुट्या भागांतून येतो. विमान, रणगाडा, पाणबुडी एकदा घेतली की पुढची तीस-चाळीस वर्षं तिचे भाग, दारूगोळा आणि दुरुस्ती यांसाठी विकणाऱ्याशी संबंध ठेवावेच लागतात. 2018 मध्ये भारताने एस-400 चा करार केला तेव्हा अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार होती, ती पडली नाही. तुर्कस्तानवर मात्र 2020 मध्ये पडली. दोस्तीचा तह केलेल्याला शिक्षा झाली आणि न केलेल्याला सूट मिळाली. कारण वॉशिंग्टनला चीनच्या संदर्भात दिल्ली हवी होती.